विनव

शीला, वरचा आकडा मी अजून टाकलेला नाही.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. विहारात पुण्यानुमोदन झालं, उमरखेडची तुझी माणसं परत गेली, पल्लवी तेवढी सुट्टी वाढवून थांबली आहे. ती खाली स्वयंपाकाला लागली आणि मी वरच्या खोलीत तिच्याच जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलोय. मघाशी चहा ठेवून गेली. स्क्रीनवर विमान होतं. तिनं ते पाहिलं. आईला जाऊन धड तीन आठवडे झाले नाहीत आणि बाप विमानाचा गेम लावून बसला, असं वाटलं असेल तिला. वाटू दे. हे तुझ्यामाझ्यातलं आहे, तिला कुठून सुरुवात करून सांगू?

लिहायला बसलो की माझी भाषा शाळेतली होते. तू हसायचीस त्याला. "बोलता तं वऱ्हाडी, अन् अर्ज लिहिता पुन्याचे." आज हसू नको. मला नीट लिहू दे.

आठवतं ना हे कसं सुरू झालं ते? ज्या वर्षी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, त्या वर्षी लोहाऱ्यातला आमचा जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, संक्रांतीच्या आतच थांबला. एरवी होळीपर्यंत मला जेवायला फुरसत नसायची. रोलर, पट्टे, बेअरिंगं, नुसती धावपळ. कापूसच येईना म्हटल्यावर फिटरनं काय करायचं? मी घरातल्या वस्तू कसत सुटलो. नळ कसला, पंखा कसला, तुझं चांगलं चालणारं शिलाई मशीन खोलून परत जोडलं, ते मग चालेचना. तू अंगणवाडीतून यायचीस ती तिकडच्या गोष्टी घेऊन. फवारणीचं विष चढून पडलेली माणसं दवाखान्यातून घरी आली होती पण अजून कामाला लागली नव्हती, आणि त्यांची लेकरं खिचडी अर्धी खाऊन अर्धी डब्यात घरी नेत होती. तू सांगायचीस आणि मी पान्हा शोधायचो. शेवटी वैतागलीस.

"अजी, पोरीच्या कॉम्प्युटरमंदी इमानाचं काईतरी हाय म्हने. जा वर, त्याचे नट कसत बसा. माह्या घरातले राहू द्या."

गेलो वर, आणि तिथंच अडकलो. आपण दोघंही कधी विमानात बसलो नाही. नागपूरचं विमानतळ पाहिलं ते बाहेरून, तेही पल्लवीच्या परीक्षेला गेलो होतो तेव्हा ऑटोतून. पण हिंदी व्हिडिओ पाहून पाहून मी चार महिन्यांत नागपूरहून पुण्याला जायला लागलो. पुण्यालाच का, तर तिथं पल्लवी. उतरताना मला अजूनही घाम फुटतो. माझा सगळा जीव उड्डाणात होता, धावपट्टी सोडल्यापासून वर पोचेपर्यंतच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत. आणि आपली सगळी भांडणंही तिथलीच.

विमानात समोरच्या काचेखाली बटनांची एक लांब पट्टी असते. त्यातली दोन बटनं आपल्या भांडणाची. एका बटनानं सांगायचं की मिनिटाला इतके फूट चढ. बस्स, हुकूम. ते मला आवडायचं. मशीनला काय करायचं ते आपण सांगायचं असतं, तीस वर्षं मी दुसरं काय केलं? दुसऱ्या बटनावर इंग्रजी चार अक्षरं, व्ही, एन, ए, व्ही. ते दाबलं की विमान आधी भरून दिलेल्या आखणीनं, वेग सांभाळून, अंगात जेवढी ताकद असेल तेवढंच चढतं. व्हिडिओतला मास्तर त्याला व्हीनॅव म्हणायचा. तू चष्मा लावून जवळ आलीस, अक्षरं जुळवलीस आणि म्हणालीस, "विनव."

"विनव काय वं? इंग्रजी हाय थे."

"इंग्रजी असो नाही तं फारशी. विनव लिहून हाय तं विनवा ना त्याले. सारखे कायले हुकूम देता?"

त्या दिवसापासून आपल्या घरात ते बटन विनवच झालं. पल्लवीनं फोनवर ऐकलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.

मी मात्र हुकुमाचंच बटन दाबायचो. एकदा तू जिन्याच्या वरच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस आणि मी विमानाला फर्मावलं, मिनिटाला तीन हजार फूट. टाकी भरलेली, विमान आधीच पार वर आलेलं, तिथली हवा विरळ. नाक वर जायला लागलं आणि वेगाचा काटा खाली.

"अजी, त्याले दम लागून राह्यला. आवाज आयका."

"गप बस वं. चढते थे."

चढलं नाही. आधी सगळं खडखडलं, मग विमान दगडासारखं पडलं. तू शेंग सोलता सोलता म्हणालीस, "हुकुमानं चढलं, हुकुमानं पडलं." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, राग विमान पडल्याचा नव्हता. तुला आवाजावरून कळलं आणि मला, फिटरला, कळलं नाही, त्याचा होता. तरी मी हार मानलेली नाही हं. शेवटचे हजार फूट उरले की हुकुमाचंच बटन बरं, विमान हळूहळू टेकवता येतं त्या उंचीला. हे मी तुला सांगितलं होतं, त्यावर तू "पाहू" म्हणाली होतीस. ते पाहायचं राहिलं.

विनवच्या बाबतीत एकच मेख होती. त्या पट्टीवर एक छोटी खिडकी असते, तिच्यात उंचीचा आकडा लावायचा. निघताना पाच हजार लावतात, कारण टॉवरची परवानगी तेवढीच असते. पुढची परवानगी मिळाली की आकडा वाढवायचा. तो वाढवायला विसरलं की विनव दाबलेलं असलं तरी विमान पाच हजारावर सपाट होतं आणि सरळ चालू लागतं. आतल्या आखणीत पस्तीस हजार लिहिलेले असोत, खिडकीतला आकडा ओलांडून ते एक फूट वर जात नाही. मी हा आकडा हमखास विसरायचो. दर वेळी खालून, भाकरी थापता थापता, तुझी हाक यायची. "वरचा आकडा टाकला काय जी?"

तुला खाली बसून कसं कळायचं? मी विचारलं होतं एकदा. म्हणालीस, इंजिनाचा आवाज बसतो. मग वर आलीस आणि स्क्रीनवर विमानाच्या चढण्याची रेघ पाहून म्हणालीस, हे तर माझ्या तक्त्यासारखं आहे. अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराच्या वजनाची रेघ तू हातानं काढायचीस. रेघ चढती असली की तू निवांत. आडवी झाली की दुसऱ्या दिवशी त्या घरी हजर. "आडवी रेघ उगीच नसते जी. घरी जाऊन पाहा लागते." किती घरी गेलीस तू! मी गेलो नाही, शीला. माझ्याच घरातली रेघ आडवी झालेली मी पाहिली नाही.

आता तो नियम. तो मीच आणला. एका व्हिडिओत ऐकलं की खरे पायलट जमिनीपासून दहा हजार फुटांपर्यंत कामाशिवाय एक शब्द बोलत नाहीत. सगळा धोका त्याच टप्प्यात असतो म्हणे. मला ते फार पटलं. कारण तू वर येऊन बसलीस की तुझं सुरू व्हायचं, आणि उडताना पंखांमागं उघडलेले माझे फ्लॅप मिटायचे राहायचे. मी कॅलेंडरच्या पानामागं मार्करनं लिहिलं, "दहा हजार फुटांच्या खाली बोलण्यास मनाई आहे," आणि एसटीतल्या पाटीसारखं भिंतीला चिकटवलं. ते वाचून तू हसत हसत पायरीवरच बसलीस.

"पंचवीस वर्सं आयकून घेतलं नाही, आता त्याले कायदा भेटला! घ्या आता."

पण पाळलास तो नियम. माझ्यापेक्षा कडक पाळलास. "चारशे!" "हजार!" "वरचा आकडा!" एवढंच. चारशे फुटांना बटन दाबायचं, हजाराला फ्लॅप मिटायला घ्यायचे, म्हणून. बाकी तोंड मिटून, हातात काहीतरी निवडत बसायचीस. दहा हजार झाले की मी विमानाचे पुढचे दिवे बंद करायचो, मागं वळायचो आणि म्हणायचो, "बोल." मग तू बोलायचीस.

आणि शीला, ते दिवस सोन्यासारखे गेले गं. दहा हजारापासून वरपर्यंत विनव आपलं काम करायचं आणि माझे हात रिकामे असायचे. संसारात पहिल्यांदा माझे हात रिकामे होते. त्यातच मला कळलं की तुला नर्स व्हायचं होतं. विहारात मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा माझ्या शर्टाची बटनं वरखाली लागली होती आणि "हा मानूस फिटर हाय?" असं तू वहिनीला विचारलं होतंस. पल्लवीला पुण्याला सोडून आलो त्या दिवशी माझ्यासमोर एक टिपूस काढलं नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तांदळाच्या पोत्यांमागं जाऊन रडलीस. एवढं सगळं तू इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंस? आपलं गाव खालून जायचं तेव्हा तू चष्मा पुसून स्क्रीनजवळ यायचीस. खाली नुसता हिरवा-मातकट पट्टा दिसायचा. "आपलं घर कुठी हाय यात?" मी कुठंतरी बोट ठेवायचो. तू खरं मानायचीस.

कापसाचं पुढंही काही खरं नव्हतं. जिन दोन महिने चालायचा, महिनाभर थांबायचा. लोक त्या वर्षांना शिव्या देतात, मीही देतो. पण त्याच वर्षांत मी तुझं ऐकायला शिकलो, हेही लिहून ठेवतो.

आता तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती. मी वर येऊन विमान धावपट्टीवर लावलं. तू जिना चढून येत होतीस. चौदा पायऱ्या आहेत आपल्या. सातवीवर थांबलीस. मला ऐकू आलं ते थांबणं. महिनाभर ऐकू येत होतं. बेअरिंग कोरडं पडलं तर मला जिनच्या फाटकातून कळतं, मजूर हसतात मला त्यावरून. आणि घरातली बाई सातव्या पायरीवर थांबते, धापा टाकते, मग पुन्हा चढते, तर मला वाटलं की गुडघे असतील. विचारलं नाही.

विमान उडालं. "चारशे," तू म्हणालीस. मी तुझ्या हट्टाखातर विनव दाबलं. "हजार" आलं नाही. त्याऐवजी मागून आवाज आला.

"ऐका ना जी."

मी वळलोसुद्धा नाही. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"हाव बाप्पा," तू म्हणालीस. मला वाटतं तू हसलीस. पाहिलं नाही, पण मला तसं वाटतं.

विमान पाच हजारावर सपाट झालं. वरचा आकडा टाकायचा राहिला होता, आणि त्या दिवशी तूही ओरडली नाहीस. माझ्या काही ध्यानात येईना. विनव दाबतोय, काही नाही. हुकुमाचं बटन दाबतोय, तेही ऐकेना. "हेच तुझं विनव, घे! मोडलं," असं मी मोठ्यानं बोललो. दहा-पंधरा मिनिटं बटनं ठोकत होतो. मग खिडकीतला आकडा दिसला. वळून पाहिलं तर पायरी रिकामी. तू कधी उतरून गेलीस ते कळलं नाही. मला स्वतःचाच राग आला, मी सगळं बंद करून टाकलं आणि झोपलो.

सोमवारी जिन सुरू होता. अकराच्या सुमारास तुझ्या मदतनीस बाईंचा फोन आला. एका लेकराला वजनकाट्याला टांगून तू आकडा वाचत होतीस म्हणे. लेकरू काढून तिच्या हातात दिलंस, सतरंजीवर बसलीस आणि मग आडवी झालीस. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तुला वायरी लावल्या होत्या. डोक्याजवळ एक स्क्रीन, तिच्यावर आकडे, आणि त्यातला एक खाली येत होता. तीन वर्षं मी खाली येणारे आकडे सावरायला शिकलो होतो. माझी बोटं नुसती हलत होती हवेत. सिस्टरला विचारलं, "ताई, याचं काही दाबाचं नसते काय?" तिनं मला हाताला धरून बाहेर बसवलं.

डॉक्टरला विनवलं. त्या सिस्टरला विनवलं. दाराच्या काचेतून तुला विनवलं. ज्या माणसाला आयुष्यभर हुकुमाशिवाय काही आलं नाही, त्यानं तासाभरात सगळ्यांना विनवून घेतलं. काहीच झालं नाही.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही त्रास सांगत होत्या का?"

सांगत होतीस की नाही, हेच मला माहीत नाही. सांगू दिलं नाही मी. पल्लवीला एवढं सांगितलं, ती म्हणाली, "बाबा, आई रोजचंच काहीतरी सांगत असेल. शेजारचं, नाही तर कुणाच्या वजनाचं. तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका." असेलही. छातीत दुखतंय म्हणणार होतीस, की तुरीला कीड लागली म्हणणार होतीस? सोळा दिवस मी दोन्ही वाक्यं तुझ्या आवाजात म्हणून पाहतोय. दोन्ही तुझीच वाटतात.

आणि एक गोष्ट मी पल्लवीलाही सांगितलेली नाही. रविवारी संध्याकाळी आपण जेवायला बसलो होतो. माझा राग उतरला नव्हता. तू माझ्या ताटात वरण वाढलंस आणि विचारलंस, "झाले काय जी दहा हजार?"

मला वाटलं टोमणा मारतेस. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "नाही झाले."

"बरं," तू म्हणालीस, आणि जेवायला लागलीस.

आपला नियम होता ना तो. तू पाळलास.

आज मी पुन्हा नागपूरहून निघालो. चारशेला विनव दाबलं. आवाज देणारं कोणी नव्हतं, मीच म्हणालो, "चारशे," मीच म्हणालो, "हजार." विमान पाच हजारावर सपाट झालं, इंजिनाचा आवाज बसला. आपलं गाव खालून जातं तिथं मी त्याला गोल गोल फिरत ठेवलंय. एक आकडा वाढवायचा आहे आणि एक बटन दाबायचं आहे. मग विनव त्याला आपोआप दहा हजाराच्या वर नेईल. एक हात तिथंच ठेवून मी हे सगळं लिहितोय.

आत्ता पल्लवी जिना चढून आली. पायऱ्या मोजल्या मी, मध्ये कुठंच थांबली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, ऐका ना."

माझं बोट भिंतीकडे निघालं होतं, शीला. अर्ध्यात थांबवलं. गेम थांबवून विमान जिथल्या तिथं ठेवलं, पूर्ण वळलो आणि म्हटलं, "बोल."

"आई वरणात लसूण आधी टाकायची की नंतर?"

"आधी," मी म्हणालो. "थोडा ठेचून."

ती खाली गेली. मला माहीत आहे, जेवायला हाक येईल, हे सुरू करावं लागेल नाही तर बंद करावं लागेल. पण वरचा आकडा मी टाकणार नाही. पाच हजारावर आहे तोवर तू नियमानं गप्प आहेस, एवढं तरी मला म्हणता येते. दहा हजार झाले, मी दिवे बंद केले, मांगं वळून तुले "बोल" म्हनलं, अन् तरी तू बोलली नाहीस, तं मी काय करू वं?